मधाच्या बाटलीत विलायती

कोकिळेनं चौथ्या बाटलीचं बूच काढलं, बाटली नाकाजवळ नेली आणि तिचा हात तिथंच थांबला.

पहिल्या तीन बाटल्यांत करंजाचा मध होता. साधा, सरळ, दर वैशाखात येतो तसा. जळगाव जामोदच्या मध केंद्रात ती तीन वर्षं हेच काम करत होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून मध यायचा. तिनं तो हुंगायचा, बोटाच्या टोकावर घेऊन चाखायचा आणि सांगायचं, हा जांभळाचा, हा निंबाचा, ह्यात गुळाचं पाणी घातलंय. तिचं चुकलेलं कुणाला आठवत नव्हतं. लहानपणी ती पाण्याचा एक घोट घेऊन कोणत्या विहिरीचं ते सांगायची, तेव्हा शेजारच्या बाया हसून तिची दृष्ट काढायच्या.

पण हे काय होतं?

आधी मनुकांचा वास आला. लग्नघरात पाट्यावर वाटतात तशा. मग अक्रोड. मग जुनं, मुरलेलं लाकूड. त्याच्या मागं कुठंतरी दूर शेकोटी विझवल्यासारखा धूर... आणि सगळ्यांच्या तळाशी, अगदी पुसट, जांभळाचा मध. कोकिळेनं डोळे मिटून पुन्हा हुंगलं. मोहाची दारू तिला ठाऊक होती, तिचा भपकारा वेगळा. हे तसं नव्हतं. पण ही दारूच होती, ह्यात शंका नव्हती.

तिच्या डोक्यावर भिंतीला दारूबंदीची पाटी होती. केंद्राचे व्यवस्थापक भगवानराव खादीचे, कडक. नोकरीला लागताना त्यांनी तिच्याकडून शपथ घेतली होती, की पिणार नाही, विकणार नाही, बाळगणार नाही. आणि घरी रोज संध्याकाळी ती आईबरोबर पंचशील म्हणायची, त्यातलं पाचवं शील हेच. बाटली बाजूला ठेवून भगवानरावांना हाक मारायची, एवढंच करायचं होतं. तिनं तिसऱ्यांदा हुंगलं.

"बाई... बूच लावा! लवकर लावा!"

दारात एक उंच माणूस उभा होता. पायात फौजी बूट, सदरा पाठीला चिकटलेला, आणि धाप अशी की सातपुडाच चढून आलाय.

"काऊन?" कोकिळेनं विचारलं. बूच मात्र लावलं नाही.

"उडून जाते थे, बाई. वास उडून जाते!"

पोलीस येतील म्हणेल, बदनामी होईल म्हणेल, असं तिला वाटलं होतं. ह्या माणसाला काळजी वासाची! तिला हसू आलं आणि ते लपवायला तिनं मान खाली घातली.

तो इंद्रभान. जवळच्याच गावच्या जनकाबाईचा मुलगा. पलटणीत हवालदार होता, अफसरांच्या मेसमध्ये दारूच्या कोठीवर. दोन महिन्यांपूर्वीच सुटून घरी आला होता. येताना त्याच्या कर्नलसाहेबांनी तीन बाटल्या दिल्या होत्या, सोबत परवान्याचा कागदही. पण जनकाबाईचा कागदावर भरवसा नव्हता. पोलीस आले तर कागद वाचतील की आधी पोराला नेतील? तिनं काय केलं, तिन्ही बाटल्यांतली दारू मधाच्या रिकाम्या बाटल्यांत ओतली, वर मेण लावलं, बाटल्यांना बांधलेल्या चिठ्ठ्या चुलीत घातल्या आणि मोकळी झाली. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. आज सकाळी भावाकडचा मध केंद्रात आणताना तिनं त्याही टोपलीत भरल्या.

"आता कोनती कोनती आहे, हेच समजत नाही," इंद्रभान म्हणाला.

"मंग हुंगून पाहा न. कोठीवर होते न तुम्ही?"

बाहेर निंबाखाली गाय उभी होती, तो तिच्याकडं बघत राहिला.

तेवढ्यात आतून भगवानराव आले. उघडी बाटली टेबलावर, वास खोलीभर... पण भगवानरावांना एकच नाद होता, तपकिरीचा. त्यांनी चिमूट ओढली, दोनदा शिंकले आणि विचारलं, "मध कसा आहे?"

"तीन बाटल्या चांगल्या आहेत," कोकिळा म्हणाली. "तीन परत नेऊन राह्यले हे."

ती खोटं बोलली नव्हती. पण आपण असं का केलं, हे तिला संध्याकाळपर्यंत उमगलं नाही.

*

तीन दिवसांनी तो पुन्हा आला. भगवानराव गावोगाव फिरायला गेले होते. त्यानं पिशवीतून तिन्ही बाटल्या काढून ओसरीवर मांडल्या आणि म्हणाला, "एक काम होतं, बाई. नाही म्हटलं तरी चालते."

"आधी सांगा तं खरं."

तो उकिडवा बसला. सांगायला त्याला वेळ लागला.

"पासष्टच्या लढाईत बाजूले गोळा फुटला. डोक्याले मार लागला. दवाखान्यात डोळे उघडले तं नर्स फिनेल पुसून राह्यली होती... अन् मले वासच नाही. तेव्हापासून नाही. फिनेलचा नाही, भाकरीचा नाही. कशाचाच नाही."

"मायले मालूम आहे?"

"नाही. रोज विचारते, भाजी कशी झाली. चांगली झाली म्हणतो. आता तिले कसं सांगू, की तुह्या हाताचा वास गेला म्हून?" तो ओशाळून हसला. "कोनालेच सांगितलं नाही. तुम्हालेच सांगून राह्यलो."

एवढा मोठा माणूस, आणि दोनदा भेटलेल्या बाईला हे सांगतो!

पुढचं त्यानं भरभर सांगितलं. कर्नलसाहेब आता मुंबईच्या एका क्लबाचे चिटणीस झाले होते. दारूच्या कोठीवर जाणता माणूस हवा होता. साहेबांनी म्हटलं, तू ये, पण क्लबातले इतर लोक परीक्षा मागतील. ह्या तीन बाटल्यांवर अभ्यास कर. तीन महिन्यांनी मी मोटारीनं नागपूरहून मुंबईला जाईन, तेव्हा खामगावच्या डाक बंगल्यावर थांबेन. तीन ग्लास पुढं ठेवीन. कोणत्या ग्लासात कोणती, ते सांगायचं.

"तिन्ही एकाच भट्टीच्या," इंद्रभान म्हणाला. "स्कॉटलंडची व्हिस्की. एकाच वर्षाच्या, एकाच धान्याच्या. भट्टीतून निघाल्या तेव्हा तिघी सारख्याच, पाण्यासारख्या. मंग लाकडाच्या पिंपात घालून दहा वर्षं ठेवल्या. पण पिंपं नवी नाहीत. त्यात आधी द्राक्षाची दारू होती. एका पिंपात शेरी, एकात पोर्ट, एकात क्लॅरेट. थी काढून टाकली, पण लाकडानं धरून ठेवली न! दहा वर्षं हळूहळू सोडते."

"म्हंजे आमच्या लोणच्याच्या बरणीसारखं. किती घासा, दुसरं ठेवलं की मोहरी बोलतेच."

"हाव! साहेब एवढं इंग्रजीत सांगत, तुम्ही एका गोष्टीत सांगितलं."

तिला ते आवडलं. आवडलं म्हणून ती जरा रागावून म्हणाली, "मले शपथ आहे. मी पेत नाही."

"मीबी नाही. जिभेवर घेतो अन् थुंकतो. पंचशील माह्यंबी आहे, बाई."

"अन् हुंगायची?"

"हुंगायची शपथ कोनी घेते काय?"

कोकिळेनं खूप विचार केल्यासारखं केलं. "नाही. हुंगायचं राहूनच गेलं शपथेत."

मग त्यानं शिकवायला सुरुवात केली. बाटलीतून थेंब काढायचा, तळहातावर घ्यायचा, दोन्ही हात चोळायचे. दारू उडून जाते, मागं पिंप उरतं. "हात द्या," तो म्हणाला. तिनं दिला. थेंब थंडगार पडला. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं, आणि तळहातावर एवढासा गारवा... तिनं हात चोळले, नाकाशी नेले.

"काय आहे?" तो एवढ्या आशेनं बघत होता, की तिला वास सोडून दुसरंच काही सुचायला लागलं.

"थांबा न! असं पाहून राह्यले तं मले समजत नाही."

तो वळून भिंतीकडं तोंड करून बसला. फौजी माणूस, सांगितलं की ऐकतो.

"मनुका," ती म्हणाली. "अक्रोड. खारीक, पण भिजवलेली. अन् खाली जांभळाचा मध आहे, थो काही पिंपाचा नाही. बाटलीचा आहे. तुमच्या मायनं बाटली नीट धुतली नाही."

इंद्रभान गर्रकन वळला. "मनुका अन् अक्रोड म्हंजे शेरी! पण मध? म्हून मले जिभेवर तिन्ही गोड लागून राह्यल्या!"

इथंच सगळा गुंता होता. नाक गेलेल्याला जीभ तेवढी राहते. गोड, तुरट, कडू, जाळ, एवढंच कळतं. तेवढ्यावर त्यानं तिघींना ओळखलं असतं. पण तिघींत मधाचा तळ विरघळला होता. कोकिळेला तो मध वजा करता यायचा. एकीत जांभूळ, एकीत करंज, एकीत निंब. तो बाजूला काढून ती खालचं सांगायची. दुसऱ्या बाटलीत तिला करवंदं सापडली, गुलकंद सापडला. "पोर्ट," तो म्हणाला. तिसरीत हिरड्यासारखा तुरटपणा आणि ओल्या लाल मातीचा वास. "क्लॅरेट." त्याच्याकडं नावं होती, तिच्याकडं नाक. दोघांचं मिळून एक अख्खं माणूस व्हायचं.

तो दर दोन-तीन दिवसांनी यायला लागला. ती सांगायची, तो जिभेवर घ्यायचा, निंबाच्या बुडाशी थुंकायचा आणि चुकायचा.

"ही पोर्ट."

"शेरी आहे थी."

"गोड तं लागते!"

"निंबाचा मध आहे थो! काय बे..." ती म्हणून गेली आणि जीभ चावली. हवालदाराला बे म्हटलं!

तो खदखदून हसला. "म्हणा, म्हणा. सुभेदार तं याहून खराब म्हणे."

एकदा त्यानं विचारलं, "वास म्हंजे कसं असते, सांगा न. मी भुलून चाललो."

तिला सांगता येईना. बराच वेळ विचार करून ती म्हणाली, "एखाद्याचं नाव आठवत नाही, पण चेहरा समोर येते... तसं."

"मंग मले आता चेहरेच नाहीत," तो म्हणाला. आणि मग हळूच, "एक सोडून."

कोकिळेच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कोणता, असं विचारायला हवं होतं. तिनं बुचं गोळा केली.

इथून तिचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. हा माणूस येतो कशासाठी? नाकासाठी. ते तर त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. मग येताना विंचरलेले केस कशासाठी? पण साहेबापुढं उभं राहायचं तर सवय नको का? आणि परवा पाणी देताना लोटा घेतला, तेव्हा उगाच दोन घोटांत अर्धा तास लावला, तो? उन्हातून आला होता म्हणून. ती दोन्ही बाजूंनी बोलायची आणि दोन्ही बाजूंनी हरायची. मध हुंगून तो कोणत्या फुलाचा ते ती सांगत असे. समोर बसलेल्या माणसाच्या मनातलं मात्र तिला ओठावरचं असून कळत नव्हतं. आई म्हणायची, "कोकिळा, भाजीत मीठ दोनदा पडलं." तेही तिला कळलेलं नसायचं.

आणि तो पास झाला तर? मुंबईला जाणार. नापास झाला तर? त्याचं तोंड पाहवणार नाही. आपल्याला ह्यातलं काय हवं?

परीक्षेला चार दिवस राहिले, तेव्हाही तो तीनपैकी एकच बरोबर सांगत होता. त्या दिवशी त्यानं थुंकून टाकलं आणि डोकं धरून बसला.

"मी येते खामगावले," कोकिळा म्हणाली. शब्द तोंडातून गेल्यावर तिला ऐकू आले. "खादी भांडारात मध पोचवायचाच आहे. मधाच्या बाया साहेबाच्या बंगल्यावर मध विकायले जात नाहीत काय? ग्लास मी आत नेऊन ठेवीन. नेता नेता हुंगीन. शेरी असली तं कानाले हात लावीन. पोर्ट असली तं पदर सारखा करीन. क्लॅरेट असली तं बांगडी फिरवीन."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. "तुम्ही... माह्यासाठी?"

"शिकवलं ते वाया जाईन म्हून," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी पंचशील म्हणताना ती अडखळली. गेले तीन आठवडे ती पाचव्या शीलावर अडखळत होती. आज चौथ्यावर अडखळली, खोटं न बोलण्याच्या.

*

खामगावच्या डाक बंगल्याच्या व्हरांड्यात वाळ्याचे पडदे सोडलेले होते. त्यांवर पाणी मारलेलं, आत अंधूक आणि गार. कर्नलसाहेब पुण्याकडचे, पांढऱ्या मिशा, आवाज मऊ. त्यांनी आतल्या खोलीत तीन ग्लास भरले, प्रत्येकाच्या बुडाला खडूनं खूण केली, वर बशा झाकल्या आणि खानसाम्याला ते व्हरांड्यात न्यायला सांगून बाहेर येऊन बसले.

बोळात कोकिळा मधाची बाटली घेऊन उभी होती. "द्या, मी नेते," ती खानसाम्याला म्हणाली. त्याला उन्हाचा कंटाळाच आला होता. त्यानं तबक दिलं.

ती बोळात थांबली. पहिली बशी उचलली. करवंदं. ह्या वेळी मध नव्हता मधे. स्वच्छ, उघडा वास. पोर्ट. दुसरी बशी. मनुका, अक्रोड... शेरी. तिसरी क्लॅरेट. एवढं सोपं कधी नव्हतं.

आणि तिथंच तिच्या मनात आलं.

बांगडीच्या जागी कान. कानाच्या जागी पदर. बस. तो चुकेल. साहेब मान हलवतील, मोटार मुंबईला जाईल आणि इंद्रभान इथंच राहील. कुणाला कधीच कळणार नाही. त्यालासुद्धा नाही. तिनं तबक उगाच दुसऱ्या हातावर घेतलं, ग्लास एकमेकांना लागून किणकिणले. जा म्हणू की राहा म्हणू? त्याला जायचंय... का? त्यानं कधी म्हटलं का, मला जायचंय? नोकरी हवी म्हटलं. नोकरी म्हणजे जाणंच ना?

"अरे, काय झालं?" साहेबांची हाक आली.

ती व्हरांड्यात गेली. टेबलावर तबक ठेवलं. इंद्रभान ताठ उभा होता, इस्त्रीचा सदरा, छातीवर पदक. त्यानं पहिला ग्लास उचलला. कोकिळा दोन पावलं मागं सरली, श्वास घेतला आणि पदर सारखा केला. खरी खूण. पोर्ट.

इंद्रभाननं वर पाहिलंच नाही.

तिनं पुन्हा पदर सारखा केला. तो ग्लासातच बघत होता. जिभेवर एक थेंब घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"साहेब, मले वास येत नाही. पासष्टपासून."

व्हरांड्यात पडद्यांवरचं पाणी टपकत होतं, तेवढाच आवाज. साहेबांनी चष्मा काढला.

"आधी का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली, साहेब."

"आणि आज?"

"आज जास्त वाटली."

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग त्यांची नजर कोकिळेकडं गेली, तिच्या मुठीत चुरगळलेल्या पदराकडं. "ह्या कोण?"

"ह्या मध केंद्रातल्या बाई. ह्यांनीच शिकवलं मले. ह्यांचं नाक..." त्यानं ग्लासांकडं हात केला.

"पहिला पोर्टचा," कोकिळा म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. "दुसरा शेरीचा. तिसरा क्लॅरेटचा, पण त्याचं पिंप जरा जास्तच जुनं असन. लाकूड थकलेलं आहे."

साहेबांनी एकेक ग्लास उचलून बूड पाहिलं. तिसऱ्याचं पाहिल्यावर त्यांनी तो ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि मोठ्यानं हसले. "मला हे कळलं नव्हतं. बाई, आमच्या क्लबात बायकांना कोठीत येऊ देत नाहीत, नाहीतर..."

"येऊ दिलं असतं तरी आले नसते. मले दारूची शपथ आहे," ती म्हणाली. "कधी घेतलीच नाही."

साहेबांनी दोन बाटल्या मध घेतला. निघताना इंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कोठीवर तुला नेता येणार नाही. तुलाही कळतंय ते. पण माजी सैनिकांसाठी एस.टी.त जागा निघाल्यात. चिठ्ठी देतो." मोटार धूळ उडवत गेली.

*

एस.टी. स्टँडवर जळगाव जामोदची गाडी लागायला वेळ होता. दोघं बाकावर बसले, मधे रिकामी टोपली.

"माह्याकडं पाह्यलं काऊन नाही?" कोकिळेनं शेवटी विचारलं. आवाज रागाचा होता, डोळे नव्हते. "मी खूण करून राह्यली होती!"

"मालूम होतं."

"मंग?"

तो टोपलीच्या काडीशी चाळा करत होता. "बोळात तुम्ही लय वेळ लावला. ग्लास वाजले, मी ऐकलं. मले समजलं, ह्या काहीतरी ठरवून राह्यल्या. मंग मले भेव वाटलं. खोटी खूण केली तं... तं तुम्हाले मी राहायले पायजे. अन् खरी केली तं मी गेलेला चालते. दोन्ही पाहायची माह्यी हिंमत नव्हती. लढाईत एवढं भेव नाही वाटलं, बाई."

म्हणजे इतके दिवस हाही...?

"मंग कोनती केली?" त्यानं विचारलं. अगदी हळू.

"खरी."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं मान हलवली, समजूतदारपणानं. "बरं केलं."

"काय बरं केलं?" ती चिडली. "तुम्हाले काहीच समजत नाही! तुम्ही जाऊ नये असं वाटत होतं, म्हून खरी केली. खोटं करून ठेवलेला माणूस मले पाहवला असता काय रोज?"

तेवढ्यात गाडी लागली. माणसं धावली, कोंबड्यांची खुराडी चढली, कंडक्टर ओरडला. गर्दीत ती पुढच्या दारानं चढली आणि तो मागं राहिला. साहेबांची चिठ्ठी घेऊन त्याला मलकापूरला जायचं होतं. खिडकीतून तिनं पाहिलं, तर तो काहीतरी ओरडत होता. इंजिनाच्या आवाजात एक अक्षर ऐकू आलं नाही.

मग दहा दिवस गेले.

आता नाकाचं काम संपलं होतं. तीन बाटल्या, तीन ग्लास, परीक्षा, सगळं संपलं. आता यायला कारण उरलं नव्हतं. आला नाही, तर उत्तर मिळालं असंच समजायचं. चौथ्या दिवशी तिनं ते समजून घेतलं. पाचव्या दिवशी पुन्हा दाराकडं बघू लागली. आठव्या दिवशी भगवानराव म्हणाले, "कोकिळाबाई, तुम्ही करंजाले जांभूळ म्हणून राह्यल्या. तब्येत बरी आहे न?"

तीन वर्षांत पहिल्यांदा ती चुकली होती.

अकराव्या दिवशी, भर दुपारी, भगवानराव समोर बसलेले असताना इंद्रभान दारात आला. अंगावर खाकी, खांद्याला तिकिटांची पेटी नव्हती पण पट्ट्याचा वळ होता. हातात काहीच नव्हतं. ना बाटली, ना पिशवी.

"जयभीम," तो म्हणाला.

"जयभीम," कोकिळा म्हणाली. उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली.

"काय आणलं?" भगवानरावांनी विचारलं.

"काही नाही."

"मंग काय न्यायचं आहे?"

इंद्रभान सावधान उभा राहिला. साहेबापुढं उभा राहिला होता, त्याहून ताठ. आणि भगवानरावांना सोडून तिच्याकडं बघत सगळं एका दमात बोलला. "मलकापूर डेपोत लागलो. कंडक्टर. त्या कामाले नाक लागत नाही. ट्रेनिंग होती, म्हून येता नाही आलं. काल घरी आलो. मायनं भाकरी वाढली अन् विचारलं, कशी झाली. मले खोटं बोलवलंच नाही. सांगून टाकलं, वास येत नाही म्हून. दोन वर्षांपासून."

"मंग?" कोकिळेनं विचारलं.

"रडली. लय रडली. मंग पदरानं डोळे पुसले अन् म्हणे, मायच्या आधी कोनाले सांगितलं होतं काय? मी म्हटलं, एका जणीले." तो थांबला. सगळा ताठपणा गळून गेला. "तं थी म्हणे, मायच्या आधी जिले सांगितलं... तिले घेऊन ये. मले पाहू दे."

भगवानरावांनी तपकिरीची डबी उघडली, चिमूट बोटांत घेतली आणि तशीच धरून ठेवली.

कोकिळेनं समोरच्या बाटलीला बूच लावलं. हात पदराला पुसले. मग भगवानरावांकडं वळून, एवढे दिवस न सापडलेल्या सरळ आवाजात म्हणाली, "मले अर्ध्या दिवसाची सुट्टी पायजे."

"कायले?"

"ह्यांच्या मायनं बोलावलं आहे," ती म्हणाली, आणि चपला पायांत सरकवून त्याच्या आधी उन्हात उतरली.